चकमकीच्या एका रायफलीची तपासणी : ग्वाल्हेरमधील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आजही काही मराठी वाडे असे आहेत, की ज्यांच्या दिवाणखान्यात तलवारी, ढाली आणि एखादी लांब नळीची बंदूक भिंतीवर टांगलेली दिसते आणि त्या वस्तूंविषयी विचारले तर घरातील प्रत्येक जण वेगळी हकिगत सांगतो. प्रस्तुत प्रकरण अशाच एका घराण्यातील चकमकीच्या, म्हणजे गारेच्या ठिणगीने बार पेटवणाऱ्या, बंदुकीचे आहे. घराण्याची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बंदुकीचे वर्णन, मोजमापे आणि घटनांचा क्रम मात्र माझ्या नोंदवहीतील आहे तसा ठेवला आहे. जुन्या वस्तूंची नोंद करणे, त्यांची मोजमापे घेणे आणि त्या कशा जतन कराव्यात याविषयी सल्ला देणे हे माझे काम आहे. बंदुका दुरुस्त करणे हे माझे काम नाही, आणि हा फरक या प्रकरणात महत्त्वाचा ठरला.

वाड्यात वयोवृद्ध आईसाहेब, त्यांचे दोन पुत्र आणि थोरल्या पुत्राचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा असे कुटुंब होते. आईसाहेबांचे यजमान दोन वर्षांपूर्वी निवर्तले होते. बंदुकीचा परवाना त्यांच्याच नावावर होता व त्यात तिचे वर्णन ‘एकनळी, तोंडाकडून भरण्याची बंदूक’ एवढेच होते. घरात तिला सगळे ‘महादजींच्या वेळची रायफल’ म्हणत. दर वर्षी खंडेनवमीला ती भिंतीवरून उतरवून देवघरासमोर पाटावर ठेवली जाई. नळीला तेल, कुंद्यावर म्हणजे लाकडी दस्त्यावर हळदकुंकू आणि कळीवर म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेवर झेंडूचे फूल वाहिले जाई, आणि शेवटी घरातील कर्ता पुरुष घोडा चढवून चाप ओढत असे. ‘टक्’ असा आवाज झाला की पूजा पूर्ण झाली, असा संकेत होता.

मला बोलावणे आले ते दसऱ्यानंतर आठवड्याभराने. निमित्त होते नातवाचे. त्याने बंदुकीची छायाचित्रे परदेशातील एका खरेदीदाराला पाठवली होती आणि त्या गृहस्थाने दोन गोष्टी कळवल्या होत्या : बंदूक मूळ स्थितीत असेल तर तिला चांगली किंमत येईल, आणि पाठवण्यापूर्वी नळीवरचा काळा थर घासून काढावा. या दोन वाक्यांत केवढा अंतर्विरोध आहे हे त्याच्या लक्षात आले नव्हते. पण घासण्यापूर्वी कोणाला तरी दाखवावे एवढे शहाणपण त्याने दाखवले, हे नमूद करायला हवे.

मला विचारलेला प्रश्न आणि खरे प्रश्न

कुटुंबाचा प्रश्न एकच होता : ही बंदूक अस्सल आहे का? प्रत्यक्षात त्या वाड्यात त्या दिवशी तीन प्रश्न उभे होते. बंदूक भरलेली आहे का, ती या घरात असणे कायदेशीर आहे का, आणि ती मूळ स्थितीत आहे का, हे ते तीन प्रश्न. त्यांचा क्रमही हाच असायला हवा होता. मी तिसऱ्यापासून सुरुवात केली.

चकमकीच्या बंदुकीची रचना तशी सोपी आहे. घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळलेला गारेचा तुकडा आवळलेला असतो. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, गार पोलादी झडपेवर घासते, ठिणग्या पडतात आणि त्याच धक्क्याने झडप उघडून खालची रंजकाची, म्हणजे आधी पेट घेणाऱ्या चिमूटभर दारूची, वाटी मोकळी होते. वाटीतील रंजक पेटते आणि नळीच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रातून, ज्याला जुन्या मराठीत ‘कान’ म्हणत, ज्वाळा आतल्या दारूपर्यंत पोहोचते. सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये आकाराला आलेली ही कळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जगभरातील सैन्यांत वापरात होती. पुढे टोपीच्या, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणारी छोटी धातूची टोपी वापरणाऱ्या, बंदुकांनी तिची जागा घेतली.

माझे लक्ष या कळीवरच खिळले. घोड्याची कमान अजून जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी मी अंगठ्याने घोडा अर्धा चढवला. खटका जागच्या जागी बसला. दोनशे वर्षांच्या आसपासच्या कळीत ही गोष्ट विरळा, त्यामुळे मला आनंद झाला आणि मी घोडा पूर्ण चढवून पाहिला. समोर सोफ्यावर आईसाहेब बसल्या होत्या व नळीचे तोंड साधारण त्यांच्या पायांच्या दिशेला होते. मग मी घोडा हळूच उतरवून ठेवला आणि नळीची लांबी घेण्यासाठी गज मागितला.

गज कुठे थांबला

नळीच्या तोंडाशी मातीचा बोळा होता. कुंभारमाशीने तिथे घर केले होते. भिंतीवर टांगलेल्या प्रत्येक नळकांडीत ती ते करते. बोळा लाकडी काडीने काढल्यावर मी पितळी गज आत सोडला. तो सहज आत गेला आणि मऊ आवाज करून थांबला. नळीच्या तोंडाशी गजावर खूण करून मी तो बाहेर काढला व नळीच्या बाहेरून धरून पाहिला. तोंडापासून कानापर्यंतचे अंतर ७४ सेंमी होते. गज ६९ सेंमी आत गेला होता.

मोकळ्या नळीत गज कानाच्याही किंचित पुढे जायला हवा, कारण दारूचा बार कानाशीच बसतो. इथे पाच सेंटीमीटर कमी भरत होते. पहिला विचार आला तो आणखी एका मातीच्या घराचा. परंतु माती ठिसूळ असते आणि गजाच्या टोकाला तिचा चुरा लागतो. टोकाला लागले होते ते काळपट, चिकट तेल. मग मी वहीत साधा हिशेब केला. नळीचा व्यास सुमारे १६ मिमी. म्हणजे आतले क्षेत्रफळ दोन चौरस सेंमी. सुमारे सात ग्रॅम दारू घातली तर ती अशा नळीत साडेतीन सेंमी उंची घेईल आणि तिच्यावर बसलेली गोळी दीड सेंमी. बेरीज पाच सेंमी.

बंदूक भरलेली होती. ती केव्हा भरली हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणजे किमान तीन पिढ्या ती तशीच होती. काळी दारू ही सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण, साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात. या तिन्ही वस्तू कोरड्या राहिल्या तर काळाने कुजत नाहीत. वाड्याची ती भिंत आतली होती, तिला ओल नव्हती आणि नळीचे तोंड मातीने लिंपलेले होते. दारू निकामी झाली असेल असे मानण्यास काहीही आधार नव्हता.

मी थोरल्या बंधूंना पूजेच्या वेळी चाप कसा ओढतात ते तोंडी सांगायला लावले. ते म्हणाले, “दर साली ओढतो. ठिणगी पण पडते कधी कधी, मुलं टाळ्या वाजवतात.” त्यांचे वाक्य संपता संपता त्यांचा चेहरा उतरला. भिंगातून कान पाहिला तेव्हा उलगडा झाला : पिढ्यान्पिढ्या लावलेल्या तेलात कुंकू आणि हळद मिसळून त्याची लाख झाली होती आणि त्या लाखेने कान पूर्ण बुजला होता. वाटीत रंजक नव्हते आणि पडणाऱ्या ठिणगीला आत जायला वाट नव्हती, म्हणून त्या देवघरासमोर कधी काही घडले नाही.

निर्णय पहिला : बार कसा काढावा

माझ्यासमोर चार मार्ग मांडले गेले. नातवाने सुचवले की वाड्याच्या मागच्या परसात नेऊन दोरीने चाप ओढून बार उडवून टाकावा. हा मार्ग क्षणभरही विचारात घेण्याजोगा नव्हता. नळीच्या आतील गंजाची खोली माहीत नसताना तसे केले तर नळी फाटू शकते, शिवाय परवान्याशिवाय भर वस्तीत बार काढणे हा स्वतंत्र गुन्हा. दुसरा मार्ग गजाला फिरकी, म्हणजे गोळीत रुतणारा स्क्रू, लावून कोरडीच गोळी ओढून काढण्याचा. घर्षण आणि लोखंडावर लोखंड यांमुळे तो धोक्याचा. तिसरा, नळी तेलाने भरून ठेवण्याचा. यात नळीला गंज चढत नाही हा फायदा, पण तेल दारूच्या गाभ्यापर्यंत मुरलेच याची खात्री नाही. चौथा, कानातून पाणी सोडून दारू भिजवण्याचा. पाण्याने सोरा विरघळतो आणि दारू मृत होते. मात्र जतनाच्या दृष्टीने जुन्या लोखंडात पाणी सोडणे म्हणजे विषाची परीक्षा.

मी चौथ्याच्या बाजूने मत दिले. नळीत गंजाचा एखादा नवा डाग पडला तर तो नोंदवता येतो आणि थांबवता येतो. उरलेल्या शक्यतांचे तसे नव्हते. परंतु हे काम माझ्या हातून होऊ नये, परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडील अनुभवी कारागिराकडून व्हावे, असा आग्रह मी धरला. इथे दुसरा, कायदेशीर प्रश्न पुढे आला : बंदूक त्याच्याकडे न्यायची कशी?

निर्णय दुसरा : कायद्याची अडचण

शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदूक बाळगण्यास परवाना लागतो. परवानाधारक निवर्तल्यावर घरात राहिलेले शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा नियमांच्या चौकटीत परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला नंतर परवाना मिळाला की ते परत घेता येते किंवा विकता येते. या घरात दोन वर्षे कोणी काहीच केले नव्हते. “ती काय चालणारी थोडीच आहे, ती तर अँटिक,” हे धाकट्या बंधूंचे म्हणणे होते, आणि असे म्हणणारे ते पहिले नाहीत.

या समजुतीच्या मुळाशी अधिनियमाचे कलम ४५ आहे. जुनाट धाटणीची, पुराणवस्तू म्हणून मोल असलेली किंवा नादुरुस्त अशी शस्त्रे अधिनियमातून वगळली आहेत हे खरे. पण त्याच वाक्यात पुढे अट आहे, की ते शस्त्र दुरुस्तीनंतर किंवा दुरुस्तीशिवाय बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. लोक वाक्याचा पूर्वार्ध लक्षात ठेवतात. उत्तरार्धाचा अर्थ असा होतो, की चकमकीची बंदूक जितकी चांगल्या मूळ स्थितीत, तितकी ती या सवलतीपासून दूर. ज्या खटक्याच्या आवाजाने मला आनंद झाला होता, त्याच खटक्याने कुटुंबाची सवलत हिरावून घेतली होती.

एका ओळखीच्या गृहस्थाने कुटुंबाला यावर तोडगा सांगितला : कान वेल्डिंगने बुजवून टाका आणि नळीत पोलादी खुंटी ठोका, मग ती शोभेची वस्तू झाली. आईसाहेबांना हा मार्ग पसंत होता, कारण त्यात वस्तू घरात राहत होती आणि भीती जात होती. मी विरोध केला. कान आणि त्याच्या भोवतीचे लोखंड हाच चकमकीच्या बंदुकीच्या अस्सलपणाचा मुख्य पुरावा असतो. तो का, हे पुढे येईल. वेल्डिंगने तो कायमचा जातो. शिवाय असा फेरफार स्वतःच्या मर्जीने करून मग ‘आता ती शस्त्र नाही’ असे स्वतःच ठरवणे हेही कायद्यात बसत नाही. यावर आमची जवळजवळ तासभर चर्चा झाली आणि शेवटी आईसाहेब म्हणाल्या, “आधी आतलं काढा, मग बघू.”

थोरल्या बंधूंनी त्याच संध्याकाळी ठाण्यात जाऊन लेखी कळवले. परवानाधारक विक्रेत्याला वाड्यावर बोलावून घेतले गेले आणि बंदूक कुटुंबाच्या गाडीतून न जाता त्याच्या ताब्यात, पावतीसह गेली. एक गोष्ट लगेच स्पष्ट झाली : थोरल्या बंधूंच्या परवान्यावर आधीच एक रिव्हॉल्व्हर व एक बारा बोअरची दुनळी होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेल्या शस्त्रालाही ही मर्यादा लागू आहे. म्हणजे अर्ज धाकट्या बंधूंच्या नावानेच करावा लागणार होता. वडिलोपार्जित बंदूक थोरल्याकडे राहणार नाही ही गोष्ट त्या घरात सहजासहजी पचली नाही, पण तो भाग या लेखाचा विषय नाही.

परदेशी विक्रीचा विषय मात्र दोन मिनिटांत संपला. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमाखाली येते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

बाहेर काय आले

विक्रेत्याकडील कारागिराने प्रथम संपूर्ण कळच काढून बाजूला ठेवली, जेणेकरून ठिणगीचे साधनच उरू नये. कानातील लाख लाकडी काडीने मऊ करून काढली, पिचकारीने थोडे थोडे पाणी सोडले आणि नळी उभी करून एक पूर्ण दिवस तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी पितळी टोकाच्या फिरकीने गोळी बाहेर आली. पाठोपाठ काळा चिखल. नळी लगेच कोरडी करून तेल लावले.

गोळी शिशाची, १५.४ मिमी व्यासाची, पांढुरक्या थराने झाकलेली होती. तिच्याखाली, तेलकट आणि काळवंडलेली, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी चिंधी होती. भिंगाखाली गोळीच्या अंगावर त्या चिंधीच्या विणीचा ठसा स्पष्ट दिसत होता, उभे आडवे धागे मोजता येतील इतका. आणि त्या ठशावर समान अंतराने हलके उंचवटे होते. मी सात मोजले.

हा क्षण माझ्यासाठी निर्णायक होता, कारण तोवर माझ्या वहीत मी या वस्तूची नोंद ‘साध्या नळीची बंदूक’ अशी केली होती. आपल्याकडे कोणत्याही लांब बंदुकीला ‘रायफल’ म्हणण्याची पद्धत आहे, त्यामुळे घरातील शब्दाकडे मी दुर्लक्ष केले होते. परंतु गोळी चिंधीत गुंडाळून ठोकून बसवणे ही रायफल भरण्याची रीत आहे. चिंधी नळीतील खाचांत रुतते आणि गोळीला फिरकी देते. सैनिकी बंदुकीत कागदी काडतुसाची सैल गोळी असे. नळी पुसल्यावर आतील सात खाचा दिवसाउजेडी दिसल्या.

खाचांचा पीळ मोजण्यासाठी एक जुनी युक्ती वापरली. सहज फिरणाऱ्या मुठीच्या गजाला घट्ट चिंधी लावली, मुठीवर खडूने वरच्या बाजूस रेघ मारली आणि गज हळूहळू आत सारला. गज तळाला पोहोचला तेव्हा रेघ वरून उजव्या बाजूला आली होती. पूर्ण लांबीत पाव फेरा. ७६ सेंमी नळी, १६ मिमीच्या आसपास व्यास, सात खाचा आणि पाव फेरा हे चारही आकडे इंग्लंडमध्ये १८०० साली स्वीकारलेल्या, एझिकेल बेकर यांच्या रायफलीच्या आकड्यांशी जुळतात. कुंद्याच्या उजव्या अंगाला चिंध्या ठेवण्याची पितळी झाकणाची डबी होती, तीही त्याच धाटणीची.

यातून ‘महादजींच्या वेळची’ ही कथा निकालात निघाली. महादजी शिंदे फेब्रुवारी १७९४ मध्ये वारले. १८०० सालच्या नमुन्यावरून घडवलेली वस्तू त्यांच्या काळातली असू शकत नाही. महादजींचा युरोपीय सेनानी द बॉयन याच्या पलटणींसाठी आग्र्याच्या कारखान्यात तोफा ओतल्या जात व बंदुका घडवल्या जात, त्या परंपरेशी हिचा धागा थेट जोडता येत नाही, कारण द बॉयनही तोवर हिंदुस्थान सोडून गेला होता. घरातली दुसरी कथा, ही बंदूक शिंद्यांचे सैन्य आणि इंग्रज यांच्यातील २९ डिसेंबर १८४३ च्या महाराजपूरच्या लढाईत होती ही, बंदुकीवरून नाकारता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही. मी अहवालात नेमके हेच शब्द लिहिले.

मूळ स्थिती कशावरून ठरली

चकमकीच्या जुन्या बंदुकांत मोठी अडचण ही असते, की १८३० आणि ४० च्या दशकांत त्यांतल्या पुष्कळ टोपीच्या बंदुकांत बदलल्या गेल्या आणि पुढे बाजारात चकमकीला भाव आल्यावर कोणीतरी त्या पुन्हा चकमकीच्या केल्या. अशा दोनदा बदललेल्या वस्तूचा पुरावा कानाजवळ सापडतो. टोपीसाठी तिथे मोठे भोक पाडून नळकांडी बसवलेली असते. परत बदलताना ते भोक बुजवून नवा, गोल आणि स्वच्छ कान पाडतात. कळीच्या पाटीवर वाटी आणि झडप काढल्याची भोके राहतात आणि ती बुजवलेली दिसतात. इथे कान थोडा लांबट झिजलेला होता, त्याच्या भोवती दारूच्या ज्वाळेने खाल्लेले बारीक खड्डे पंख्यासारखे पसरले होते आणि त्याच्या मागे लाकूड करपून काळे पडले होते. पाटीवर एकही बुजवलेले भोक नव्हते. कान वेल्डिंगने बुजवला असता तर हे सगळे गेले असते.

कळ उघडल्यावर त्याहून आवडलेली गोष्ट दिसली. घडवणाऱ्याने प्रत्येक सुट्या भागावर कानशीने तीन बारीक रेघा ओढल्या होत्या : कमानीवर, खटक्यावर, आतल्या पट्टीवर, स्क्रूंच्या माथ्यांवर. एकाच वेळी अनेक कळी जुळवताना भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कारागीर अशी खूण करतात. सगळ्या भागांवर तीन रेघा होत्या. झडपेच्या स्क्रूवर एकही नव्हती, म्हणजे तेवढा एक नंतरचा. नळी कुंद्यातून उचलल्यावर तिच्या पोटाला आणि कुंद्यातील पन्हाळीला एकच आकडा कोरलेला मिळाला, देवनागरीत : १७.

तो आकडा देवनागरीत होता, कुंदा अक्रोडाऐवजी शिसवीचा होता आणि घोड्यातील गार विलायती नसून अकिकाची होती. कळीच्या पाटीवर मुकुट आणि इंग्रजीत ‘टॉवर’ ही अक्षरे, म्हणजे लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागाराची खूण, कोरलेली होती, पण शेवटचे अक्षर उलटे होते. ज्याने ते कोरले त्याला ती लिपी वाचता येत नव्हती. त्याने चित्र उतरवावे तसे अक्षर उतरवले होते. म्हणजे ही विलायती रायफल नव्हती, तिच्यावर नजर ठेवून इकडेच घडवलेली होती.

“म्हणजे नकली,” थोरले बंधू म्हणाले. या शब्दावर मी बराच वेळ घालवला आणि तो योग्य होता असे मला वाटते. ग्राहकाला फसवण्यासाठी केलेली वस्तू नकली. लढण्यासाठी, उपलब्ध उत्तम नमुन्यावरून, स्वतःच्या लाकडात आणि स्वतःच्या आकड्यांत घडवलेली वस्तू नकली नव्हे. ती ज्या स्थितीत घडली त्या स्थितीत, एक स्क्रू वगळता, आजही होती. पितळी भाग मात्र दर वर्षी चिंच आणि राखेने घासून इतके गुळगुळीत झाले होते की डबीच्या झाकणावर पूर्वी काही कोरलेले होते एवढेच तिरप्या प्रकाशात कळत होते. काय, ते वाचता येत नव्हते. कुंद्याच्या मागच्या पितळी पाटीचा स्क्रू काढला तेव्हा त्याच्या माथ्याखाली, जिथे चिंच पोहोचली नव्हती, तिथे मूळचा तपकिरी रंग नखाएवढ्या वर्तुळात शिल्लक होता.

निष्पन्न

बंदूक विक्रेत्याकडे जमा राहिली. गोळीची नोंदही त्याच पावतीत करून घेतली, कारण काडतुसाचे किंवा बाराचे भागही अधिनियमाच्या कक्षेत येतात. धाकट्या बंधूंचा अर्ज सात महिन्यांनी मंजूर झाला. संग्रहालयाला देण्याचा पर्याय कुटुंबाने त्यानंतर पुन्हा चर्चेला घेतला आणि आईसाहेबांच्या हयातीत ती घरातच राहावी असे ठरवले. वेल्डिंगचा विषय कोणी काढला नाही. आता ती भिंतीवर नसते. कुलूपबंद कपाटात, सुती कापडावर आडवी असते. नळीवरचा काळा थर तसाच आहे.

पुढच्या खंडेनवमीला फुले आणि कुंकू बंदुकीखालच्या पाटाला वाहिले गेले. चाप ओढायचा नाही तर पूजा संपली हे कळणार कसे, अशी आईसाहेबांची अडचण होती. नातीने घंटा वाजवली. आईसाहेबांनी ते मान्य केले, पण त्यांचे पुरते समाधान झाले नसावे.

वेगळे काय करता आले असते

घोडा चढवण्याआधी गज आत घालायला हवा होता. या एका वाक्याला मी कोणतेही कारण जोडू शकत नाही. नियम मला माहीत होता, इतरांना मी तो शिकवतो, आणि चालणाऱ्या कळीच्या मोहात मी तो विसरलो. त्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर ‘कानापर्यंत’ आणि ‘गज’ असे दोन रकाने छापले आहेत आणि ते भरल्याशिवाय पान उलटत नाही.

कानातील लाखेचे नमुने घ्यायला हवे होते. पिढ्यान्पिढ्यांचे कुंकू, हळद आणि तेल थरांवर थर बसले होते. या घराने ही वस्तू किती काळ पूजली याचा तो एकमेव भौतिक पुरावा होता आणि कारागिराने तो काडीने काढून चिंधीला पुसला. मी तिथेच उभा होतो. माझे सगळे लक्ष दारूवर होते. दारूचाही चिमूटभर अंश भिजवण्यापूर्वी मिळाला असता तर दाण्याच्या आकारावरून काही बोलता आले असते, पण त्याबद्दल मला खंत नाही, कारण त्यासाठी कोरड्या बाराशी खेळावे लागले असते.

पाण्याच्या निर्णयाविषयी मात्र माझे मन अजून दोन्हीकडे आहे. कानाच्या आतल्या बाजूला, नळीच्या तळाशी, तांबूस गंजाचा एक पट्टा त्या एका दिवसात उमटला आणि तेल लावूनही त्याची कड शिल्लक आहे. पूर्ण दिवसाऐवजी काही तासांत काम भागले असते का, असे मी कारागिराला विचारले. तो म्हणाला, “भागलं असतं कदाचित. पण ओढायचं मला होतं, साहेब.”

सर्वांत मोठी संधी मात्र माझ्या येण्याच्या दोन वर्षे आधी हुकली होती. आईसाहेबांचे यजमान हयात असताना परवान्याच्या नूतनीकरणासाठी ही बंदूक अधिकाऱ्यांसमोर अनेकदा गेली असणार, आणि त्यांपैकी कोणत्याही वेळी एका गजाने आणि मोजपट्टीने पाच सेंटीमीटरचा फरक दिसला असता. तसे न होता ती दर वेळी घरी परतली, भिंतीवर चढली आणि नवमीला पाटावर उतरली.